वीज त्याच दालनावर पडली : मिचिझानेच्या कोपाचं आणि शांतीचं पूर्ण प्रकरण

सन ९३० चा उन्हाळा, जपानची राजधानी हेइआन, म्हणजे आजचं क्योतो. पावसाचा पत्ता नाही, शेतं सुकून चाललेली, आणि त्यांच्या पंचांगातल्या सहाव्या महिन्याच्या २६ तारखेला दरबारातली मोठी मोठी मंडळी राजवाड्यात मिटिंगला जमलेली, विषय एकच की पावसासाठी काय करायचं. दुपारी अतागो डोंगराकडून काळा ढग वर आला, बघता बघता गडगडाट सुरू झाला आणि वीज पडली ती थेट सेइर्योदेनवर, म्हणजे सम्राटाच्या स्वतःच्या राहत्या दालनावर. फुजिवारा नो कियोत्सुरा नावाचा वरिष्ठ मंत्री कपडे पेटून, छाती फाटून गेला. दुसऱ्या एका अधिकाऱ्याचा चेहरा भाजला, शेजारच्या शिशिनदेन दालनातही माणसं होरपळली. सम्राट दायगोला हा धक्का सोसलाच नाही, तो आजारी पडला, तीन महिन्यांत त्याने गादी सोडली आणि त्यानंतर आठवडाभरात गेला.

हे कुणाचं काम, असा प्रश्न शहरात कुणाला पडलाच नाही. सगळ्यांच्या तोंडी एकच नाव होतं, सुगावारा नो मिचिझाने. आणि तो माणूस मरून तेव्हा २७ वर्षं झाली होती.

हे प्रकरण बहुतेक वेळा भुताची गोष्ट म्हणून सांगतात, वीज, साथ, शाप वगैरे. मला ते तसं सांगवत नाही. मी जितकं वाचत गेलो तितकं मला वाटत गेलं की ही एका अन्यायाची फाइल आहे, जी मेलेल्या माणसाच्या नावाने नव्वद वर्षं उघडी राहिली आणि दर वेळी थोडी थोडी करून बंद करावी लागली. म्हणून सुरुवातीपासून सांगतो, थोडं लांबेल.

मिचिझानेचा जन्म ८४५ चा. घराणं पंडितांचं, आजोबा आणि वडील दोघंही चिनी विद्येचे जाणकार, पण दरबारात खरी सत्ता फुजिवारा घराण्याची, म्हणजे मुली सम्राटांना द्यायच्या, मग नातू सम्राट आणि आजोबा कारभारी. त्या चौकटीत पंडिताच्या मुलाने फार तर वरच्या दर्जाचा शिक्षक व्हावं एवढीच अपेक्षा. हा मात्र हुशारीवर वर चढत गेला. सानुकी प्रांताचा गव्हर्नर झाला, तिथली गरीब माणसं जवळून पाहिली, त्यांच्यावर कविता केल्या, आणि परत आल्यावर सम्राट उदा याने त्याला हाताशी धरलं कारण उदाला फुजिवारांच्या बाहेरचा भरवशाचा माणूस हवा होता. ८९४ मध्ये चीनला जाणाऱ्या शिष्टमंडळाचा प्रमुख म्हणून त्याची नेमणूक झाली, तेव्हा त्यानेच अर्ज केला की तांग राज्य खिळखिळं झालंय, समुद्र धोक्याचा आहे, जायचं का याचा फेरविचार व्हावा, आणि ते शिष्टमंडळ गेलंच नाही. ८९९ ला तो उजव्या बाजूचा मंत्री झाला, त्याच्या वरची डाव्या बाजूच्या मंत्र्याची जागा फुजिवारा नो तोकिहिराची, वय तिशीच्या आतलं. एक चोपन्न वर्षांचा पंडित आणि एक तरुण जहागीरदार, दोघं शेजारी शेजारी बसणार, आणि गादीवर उदाचा मुलगा दायगो, तो तर अजून पोरसवदा.

९०१ च्या पहिल्या महिन्याच्या २५ तारखेला मिचिझानेवर आरोप आला की तो सम्राटाला हटवून आपल्या जावयाला, म्हणजे दायगोच्याच भावाला, गादीवर बसवायच्या कटात आहे. चौकशी नाही, बाजू मांडणं नाही. जुना सम्राट उदा धावत राजवाड्याच्या दारात आला, मुलाला भेटू द्या म्हणाला, तर त्याला आत सोडलं नाही. मिचिझानेची बदली झाली दाझाइफुला, म्हणजे क्यूशू बेटावर, आजच्या फुकुओकाजवळ, राजधानीपासून सुमारे पाचशे किलोमीटर. कागदावर पोस्टिंग मोठ्या हुद्द्याचं, प्रत्यक्षात काम नाही, पगार नाही, राहायला गळकं घर. मोठी मुलं वेगवेगळ्या दिशांना पाठवली, बायको राजधानीत, लहान दोन लेकरं सोबत, आणि त्यातलं एक तिथेच गेलं. दोन वर्षांत, ९०३ च्या दुसऱ्या महिन्याच्या २५ तारखेला, तोही गेला.

निघताना अंगणातल्या उमेच्या, म्हणजे जपानी प्लमच्या, झाडाला उद्देशून त्याने जे म्हटलं ते आजही जपानी शाळकरी पोरांना पाठ असतं, त्याचा आशय असा की पूर्वेचा वारा सुटला की सुगंध पाठव, धनी घरात नाही म्हणून वसंत विसरू नकोस. लोक म्हणतात ते झाड रात्रीत उडून दाझाइफुला आलं, आणि ते ‘उडतं उमे’ म्हणून तिथे आजही दाखवतात.

पण मला जास्त लागते ती दुसरी कविता, चिनी भाषेतली, दाझाइफुला नवव्या महिन्याच्या १० तारखेला लिहिलेली. त्यात तो म्हणतो की गेल्या वर्षी याच रात्री मी सेइर्योमध्ये हजर होतो, तिथे शरदावर कविता केली होती, त्या वेळी सम्राटाने बक्षीस दिलेलं वस्त्र इथे माझ्याजवळ आहे, रोज हातात घेऊन त्यात उरलेल्या सुगंधाला नमस्कार करतो. हे सेइर्यो म्हणजेच सेइर्योदेन. तीस वर्षांनी वीज पडली ते दालन. ज्याने ढकलून दिलं त्याच्याच कपड्याचा वास जपणारा हा माणूस, आणि त्याच्या नावावर शहराने वीज लिहिली. मिचिझानेने स्वतः सूडाची एक ओळ लिहिलेली मला कुठे दिसली नाही. आपण म्हणतो ना तळतळाट लागला, तो तळतळाट मेलेल्याने द्यावा लागत नाही, ज्यांना आपण काय केलं ते माहीत असतं त्यांच्या मनातच तो आधीपासून असतो.

आता यात एक गोष्ट अशी आहे की ती कळली तेव्हा मी वाचन थांबवून बसलो होतो. सूडाने पेटलेल्या आत्म्याला जपानीत ओनर्यो म्हणतात, आणि त्यालाच मान देऊन बोलायचं तर गोर्यो. अशा आत्म्यांना शांत करायचा पहिला नोंदलेला सरकारी विधी ८६३ मध्ये झाला, राजवाड्याला लागून असलेल्या शिनसेनएन नावाच्या बागेत. खोकल्याची मोठी साथ आली होती, माणसं मरत होती, आणि लोक म्हणत होते की राजकारणात बळी गेलेल्यांचा हा कोप. सहा आत्म्यांची आसनं मांडली, पहिलं आसन राजपुत्र सावाराचं, ज्याला ७८५ मध्ये एका खुनाच्या संशयावरून पकडलं आणि जो हद्दपारीच्या वाटेवर अन्न सोडून मेला, पुढे ८०० साली त्याला मेल्यानंतर ‘सम्राट’ ही पदवी द्यावी लागली होती. फुलं, फळं ठेवली, भिक्षूंनी सुवर्णप्रभास सूत्र आणि प्रज्ञापारमिता हृदय वाचलं (हो, आपल्याकडून चीनमार्गे गेलेलीच ही दोन्ही सूत्रं), संगीत झालं, मुलांचे नाच झाले, आणि बागेचे दरवाजे सामान्य लोकांना उघडले. तेव्हा मिचिझाने त्याच शहरात शिकणारा अठरा वर्षांचा मुलगा होता. आणि या विधीची नोंद ज्या सरकारी इतिहासात आहे, निहोन सांदाइ जित्सुरोकु, त्याच्या संपादनाच्या कामात पुढे मिचिझानेही होता आणि तोकिहिराही. ग्रंथ पुरा झाला ९०१ मध्ये, हद्दपारीनंतर काही महिन्यांनी, आणि तो सादर करणाऱ्यांत मिचिझाने नाही. म्हणजे निरपराध माणसाला मारलं की पुढे काय होतं हे तोकिहिराच्या हाताखालून गेलेल्या कागदातच लिहिलेलं होतं.

पुढचं झपाट्याने घडलं. ९०८ मध्ये फुजिवारा नो सुगाने गेला, ज्याने उदाला दारात अडवलं होतं असं सांगतात. ९०९ मध्ये तोकिहिरा स्वतः, फक्त ३९ वर्षांचा (ही आणि पुढची वयं जुन्या जपानी मोजणीने, जन्मताच एक वर्ष धरून). नंतरच्या दंतकथेत त्याच्या आजारपणात दोन्ही कानांतून साप बाहेर आले असं चित्र आहे. ९१३ मध्ये मिनामोतो नो हिकारु, ज्याला मिचिझानेची रिकामी झालेली जागा मिळाली होती, शिकारीत चिखलात पडून गेला. ९२३ मध्ये युवराज यासुआकिरा, एकवीस वर्षांचा, त्याची आई तोकिहिराची बहीण. त्याच्या जागी त्याचा लहान मुलगा युवराज झाला, त्याची आई तोकिहिराची मुलगी, तो ९२५ ला पाच वर्षांचा गेला. आज आपण म्हणू की साथी यायच्या, माणसं तरुणपणी जायची, आणि ते बरोबरच आहे. पण मेलेल्यांची यादी बघा, त्यातलं प्रत्येक नाव लोकांनी ९०१ च्या त्या एका दिवसाशी जोडून ठेवलं होतं, आणि अशी जोडणी एकदा झाली की ती कुणी सोडवू शकत नाही.

शांत करायचे प्रयत्न होत नव्हते असं नाही, होत होते पण अर्धे. दाझाइफुला त्याची शवपेटी नेणारा बैल वाटेत बसला आणि उठेना म्हणून तिथेच पुरलं, अशी कथा आहे. त्या थडग्यावर ९०५ मध्ये त्याच्या एका शिष्याने छोटं देऊळ बांधलं, ९१९ मध्ये मोठी इमारत झाली आणि ती उभी करायला गेलेला माणूस तोकिहिराचाच भाऊ नाकाहिरा. ९२३ मध्ये युवराज गेल्यावर महिनाभरात दरबाराने मिचिझानेचं मंत्रिपद परत दिलं, एक दर्जा वाढवला, हद्दपारीचा हुकूम जाळून टाकला आणि वर्षगणनेचं नावसुद्धा बदललं. मला हा प्रयत्न या प्रकरणातला सगळ्यात बोलका वाटतो. कागद जाळला म्हणजे काय केलं, तर आपण असं काही केलंच नव्हतं असं केलं. आरोप खोटा होता असं कुणी उभं राहून म्हटलं नाही, सोबत हद्दपार झालेल्या माणसांची उमेदीची वर्षं परत आली नाहीत. आणि सात वर्षांनी वीज पडली. मिटिंगमध्ये मेलेला कियोत्सुरा हाच दाझाइफुला मिचिझानेवर नजर ठेवायच्या कामात होता अशी आठवणही लोकांनी काढली.

तोकिहिराच्या घरात तर भीती हाडात शिरली होती. ओकागामी नावाच्या नंतरच्या ग्रंथात त्याच्या मोठ्या मुलाची, यासुतादाची गोष्ट आहे. तो आजारी, उशाशी भिक्षू औषधबुद्धाचं सूत्र वाचतायत, त्यात सेनापती कुबिराचं नाव आलं, ते त्यांनी मोठ्याने म्हटलं, आणि जपानीत ‘कुबिरु’ म्हणजे गळा आवळणे, याने ते तसं ऐकलं आणि भीतीनेच गेला. हा कुबिरा म्हणजे आपला कुंभीर, संस्कृतातला मगरीचा शब्द, एवढा प्रवास करून तो क्योतोच्या एका अंथरुणापाशी असा पोचला. ही ९३६ ची गोष्ट. त्याच्या उलट दुसरा मुलगा आकितादा, तो साधं राहिला, डामडौल केला नाही, आणि त्याच ग्रंथाप्रमाणे रोज रात्री अंगणात येऊन तेनजिनला, म्हणजे मिचिझानेलाच, नमस्कार करायचा. तो ९६५ पर्यंत जगला, मंत्री होऊन गेला. बापाच्या चुकीसाठी रोज रात्री अंगणात एकटं उभं राहणारा हा मुलगा माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

आणि आता ती बाई, जिच्याशिवाय हे प्रकरण संपलंच नसतं. ९४२ मध्ये राजधानीच्या सातव्या रस्त्याच्या भागात राहणाऱ्या ताजिही नो आयाको नावाच्या गरीब बाईला मिचिझानेचा आदेश झाला, आपल्या भाषेत सांगायचं तर अंगात आलं, की मला राजधानीच्या उत्तरेला कितानोमध्ये, घोड्यांच्या मैदानापाशी जागा दे, तिथे मला बरं वाटतं. तिच्याकडे पैसा कुठला, तिने घरातच एक छोटं देवघर केलं आणि पूजा करत राहिली, पाच वर्षं. मग ओमी प्रांतात एका पुजाऱ्याच्या सात वर्षांच्या मुलाच्या तोंडून तसाच आदेश आला, कितानोजवळच्या असाही देरा मंदिराचा भिक्षू साइचिन पुढे झाला, आणि ९४७ मध्ये कितानोचं मंदिर उभं राहिलं. मोठमोठे मंत्री पदव्यांचे कागद काढत बसले आणि घर दिलं कुणी, तर ज्यांचं दरबारात काहीच चालत नव्हतं त्यांनी, एक बाई, एक पोरगं, एक छोटा भिक्षू. माझ्या मते हाच या शांतीचा गाभा आहे, बाकीचं सगळं त्यावर चढलेलं.

जागा निवडली तीही बघण्यासारखी. कितानोला आधीपासून विजेच्या देवाची पूजा व्हायची, पाऊस पडावा, पीक यावं म्हणून. म्हणजे ज्या विजेला शहर घाबरत होतं तीच विजेची जागा, तीच शेतकऱ्याला हवी असलेली. रागावलेल्याला हाकललं नाही, बांधून घातलं नाही, त्याच्या हातात वीज आहे ना, मग तिचं चांगलं काम त्याच्याकडे सोपवलं. आपल्याकडे बाधा उतरवायची म्हटलं की बहुतेक तिला गावाबाहेर काढायचं असतं, आणि अकाली गेलेल्यासाठी त्र्यंबकेश्वरला नारायणबळी करतात तोही त्याने पुढच्या गतीला जावं म्हणून. इथे उलट, पुढे जा म्हणत नाहीत, इथेच राहा म्हणतात, मानपान घे, आमच्यातला हो.

नावातही आपला धागा आहे. त्याला दिलेलं पूर्ण नाव तेनमान दाइजिझाइ तेनजिन, आणि यातला दाइजिझाइतेन म्हणजे महेश्वर, आपला शंकरच, जो बौद्ध ग्रंथांबरोबर पांढऱ्या बैलावर बसून जपानला गेला. तेनजिनच्या देवळात सगळीकडे बसलेला बैल असतो त्याचं कारण शवपेटीचा बैल असं सांगतात, मिचिझाने बारा प्राण्यांच्या वर्षचक्रातल्या बैलाच्या वर्षी जन्मला असंही सांगतात, पण या महेश्वराच्या बैलाचाही त्यात हात असावा असं बरेच अभ्यासक मानतात. मला तरी नंदीशिवाय दुसरं काही आठवत नाही ते फोटो बघून, डोकं लोकांनी हात लावून लावून गुळगुळीत केलेलं.

विधीला धर्माची हद्द नव्हती हेही लक्षात घ्या. आज आपण शिंतो देवस्थान म्हणतो पण दाझाइफुचं ठिकाण शेकडो वर्षं आनराकुजी नावाचं बौद्ध मंदिरही होतं, कितानोवर बौद्ध मठाचा कारभार होता, १८६८ नंतर सरकारने दोन्ही धर्म तोडून वेगळे केले तेव्हा हे बदललं. ९४१ मध्ये दोकेन नावाच्या भिक्षूने परलोक बघून आल्याचं सांगितलं, तिथे मिचिझाने एका मोठ्या देवाच्या रूपात, हजारो उपद्रवी देव हाताखाली, आणि म्हणतो की वीज माझ्या सेवकाने टाकली. आणि त्याच प्रवासात सम्राट दायगो नरकात दिसतो, निखाऱ्यांवर, आपल्या पापांची कबुली देत. विचार करा, जिवंत सम्राटाच्या बापाबद्दल हे लिहिलं गेलं आणि टिकलं. जी कबुली ९२३ च्या हुकुमात कुणी दिली नाही ती इथे दिली गेली.

आता राजकारण. तोकिहिराचा धाकटा भाऊ तादाहिरा, त्याचं मिचिझानेशी वाकडं नव्हतं असं सांगतात, आणि ९३० मध्ये दायगो गेल्यावर बाल सम्राटाचा कारभारी झाला तो हाच. तोकिहिराची शाखा सुकत गेली, तादाहिराची फुलली. ९५९ मध्ये तादाहिराच्या मुलाने, मोरोसुकेने, कितानोच्या इमारती वाढवल्या. म्हणजे कोप मोठा मानण्यात एका घराचा फायदा होताच. काही जण म्हणून सगळंच राजकारण म्हणतात, मला ते पटत नाही, माणसाला एकाच वेळी खरंच भीती वाटू शकते आणि त्या भीतीचा फायदाही होऊ शकतो, दोन्हीत भांडण नाही. शिवाय हा आत्मा फुजिवारांच्या मुठीत नव्हताच. ९३९ मध्ये पूर्वेकडे ताइरा नो मासाकादोने बंड करून स्वतःला नवा सम्राट म्हणवलं, तेव्हा एका देवर्षिणीच्या तोंडून हाचिमान या युद्धाच्या देवाने त्याला गादी दिली आणि नेमणुकीचा कागद मिचिझानेच्या आत्म्याने लिहिला, असं त्या बंडाच्या वृत्तांतात आहे. दरबाराने हद्दपार केलेला पंडित आता दरबाराविरुद्धच्या माणसाला नेमणूकपत्र लिहून देतोय, ही बातमी राजधानीत कशी पोचली असेल. त्याला लवकर घर दिलेलं बरं, असं कितीतरी जणांना वाटलं असेल.

९८७ मध्ये सम्राट इचिजोच्या नावाने कितानोला सरकारी उत्सव झाला आणि तेनजिन हे नाव अधिकृत झालं. ९९३ मध्ये आधी डाव्या बाजूच्या मंत्र्याचं पद दिलं, म्हणजे तोकिहिराचं, आणि म्हणतात की दाझाइफुहून मिळालेल्या खुणेवरून दिसलं की समाधान झालेलं नाही, म्हणून त्याच वर्षी सगळ्यात वरचं, महामंत्र्याचं पद दिलं. मरून नव्वद वर्षं. १००४ मध्ये सम्राट स्वतः कितानोला गेला.

नंतरचं बहुतेकांना माहीत असतं. भीती हळूहळू निघून गेली, पंडित उरला, एदो काळात (१६०३ ते १८६८) गावोगावच्या शाळांत त्याचं चित्र लावून मुलं २५ तारखेला नमस्कार करायची, आणि आज सुमारे १२ हजार तेनजिन देवळांत परीक्षेआधी पोरं लाकडी पाटीवर कॉलेजचं नाव लिहून टांगतात. आयाकोच्या घरच्या देवघराचंही एक छोटं देऊळ क्योतोत आहे, तिच्या नावाने.

पण शांत करणं थांबलेलं नाही. दर २५ फेब्रुवारीला, म्हणजे त्याच्या मृत्यूच्या तारखेला, कितानोला उमेच्या फुलांचा उत्सव असतो, भाताच्या नैवेद्यासोबत उमेच्या डहाळ्या ठेवतात, बाहेर गर्दी, चहा, फोटो. या उत्सवात आधी उमे नव्हतं, मोहरीसारखी पिवळी नाताने फुलं वाहायचे, कारण नाताने या शब्दात ‘नादामेरु’ ऐकू येतं, म्हणजे समजूत काढणे, राग शांत करणे. पंचांग बदललं, तारीख थंडीत आली, पिवळी फुलं तेव्हा मिळेनात म्हणून उमे आलं. तरी त्या दिवशी पूजा करणारे पुजारी आजही आपल्या टोपीत नातानेचं एक पिवळं फूल खोचतात.